चेहऱ्याच्या व्हिडिओवरून हृदयगती मोजणे: मांडणी, गणित आणि खोटे आकडे ओळखण्याची पद्धत

साधा वेबकॅम, पायथनच्या शंभर-सव्वाशे ओळी आणि समोर शांत बसलेला माणूस, एवढ्या भांडवलावर मिनिटाला ७२ ठोके असा आकडा स्क्रीनवर आणता येतो. अडचण ही की माणसाच्या जागी भिंत ठेवली तरी आकडा येतोच. नाडीच्या वारंवारतेच्या पट्ट्यात फिल्टर लावून त्यातले सर्वांत उंच शिखर उचलणारा प्रोग्रॅम 'काहीच सापडले नाही' असे आपणहून कधी सांगत नाही. म्हणून या लेखात आकडा काढण्याइतकीच जागा आकडा नाकारण्याला दिली आहे.

कॅमेऱ्याला नेमके काय दिसते

प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त थोडे वाढते आणि कमी होते. हिमोग्लोबिन प्रकाश शोषते, त्यामुळे रक्त वाढले की त्वचेतून परत येणारा प्रकाश किंचित घटतो. साधारण ५४० ते ५८० नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात हिमोग्लोबिनचे शोषण जोरदार असते, म्हणून चित्राच्या लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलपैकी हिरव्यात नाडी सर्वांत ठळक उमटते. घरातला साधा उजेड आणि साधा डिजिटल कॅमेरा एवढ्यावर हे जमते, हे व्हेर्क्राउसे, स्वासांड आणि नेल्सन यांनी २००८ मध्ये दाखवले. २०१० मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या पो, मॅकडफ आणि पिकार्ड यांनी वेबकॅमच्या तिन्ही चॅनलमधून नाडी वेगळी काढण्याची रीत मांडली. या विद्येचे नाव रिमोट फोटोप्लेथिस्मोग्राफी, बोलताना नुसते आरपीपीजी.

हा बदल किती बारीक असतो ते आधी पाहू. हिरव्या चॅनलची सरासरी १२० असेल आणि नाडीचा बदल अर्धा टक्का असेल, तर तो होतो ०.६. आठ बिटांच्या कॅमेऱ्यात पिक्सेलची किंमत पूर्णांकातच मिळते, म्हणजे नाडीची अख्खी लाट एका पायरीपेक्षा लहान आहे. एका पिक्सेलकडे कितीही वेळ पाहिले तरी ती दिसणार नाही. पण प्रत्येक पिक्सेलमध्ये दोनेक पायऱ्यांचा नॉइज असतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. १०,००० पिक्सेलची सरासरी काढली की हा नॉइज शंभरपट खाली येतो, म्हणजे ०.०२ वर, आणि ०.६ ची लाट वर डोके काढते. पुढच्या बहुतेक सूचना या एका हिशोबातून निघतात. नॉइज पुसून चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर आणि बारीक फरक फेकून देणारे कॉम्प्रेशन इथे घातक ठरते ते याचमुळे.

उजेड, पंखा आणि ५० हर्ट्झ

सर्वांत चांगला उजेड दिवसाचा. खिडकीकडे तोंड करून बसवा, खिडकी पाठीमागे नको. दिवसाच्या उजेडात लुकलुक नसते आणि तिन्ही चॅनलना पुरेसा प्रकाश मिळतो. ढग सरकून उजेड हळूहळू बदलला तर तो बदल नाडीपेक्षा खूप संथ असतो, पुढे गणितात निघून जातो.

दिव्याच्या उजेडात काम करायचे तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे हे ध्यानात ठेवावे. जुनी ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम घेत असेल तर ही १०० हर्ट्झची लुकलुक ३० च्या तिप्पट ९० पासून १० ने दूर आहे, आणि फ्रेमच्या वेगाच्या जवळच्या पटीपासूनचा हा फरकच कॅमेऱ्याला दिसतो, म्हणून ती १० हर्ट्झवर दिसते. नाडीच्या पट्ट्यापासून ती लांब, काळजी नाही. पण उजेड कमी पडला की वेबकॅम न सांगता फ्रेमचा वेग उतरवतो. तो १९.८ वर आला, तर त्याची पाचपट ९९ आणि १०० मधला फरक १ हर्ट्झ. म्हणजे मिनिटाला अगदी ६० 'ठोके', आणि तेही खऱ्या नाडीपेक्षा स्वच्छ.

पंख्याचे गणितही असेच चालते. दिव्याखाली फिरणारा तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३८० फेरे घेत असेल तर सावली सेकंदाला १९ वेळा चेहऱ्यावरून जाते. कॅमेरा २० फ्रेमवर घसरला असेल तर पुन्हा १ हर्ट्झ, पुन्हा ६० ठोके. ३० फ्रेम व्यवस्थित मिळत असल्या तरी सुटका नाही. पंखा ३१० फेऱ्यांवर असेल तर सावलीची दुसरी हार्मोनिक (मूळ वारंवारतेची दुप्पट) ३१ हर्ट्झवर येते आणि तीही १ हर्ट्झ होऊन बसते. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. उकाडा असेल तर टेबलफॅन बाजूला ठेवा, मात्र केस कपाळावर उडणार नाहीत असा.

बल्ब लुकलुकतो की नाही ते फोनच्या स्लो-मोशन मोडमध्ये पाहा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले किंवा उजेड धडधडताना दिसला तर तो बल्ब बदला. लॅपटॉपचा किंवा टीव्हीचा पडदा चेहऱ्यावर रंगीत उजेड टाकत असेल तर तोही स्थिर ठेवा. समोर व्हिडिओ लावून नाडी मोजू नये. बदलत्या रंगाचा उजेड पुढे येणाऱ्या गणिताला चकवतो.

कॅमेऱ्याची बैठक

महागडा कॅमेरा लागत नाही. ६४० बाय ४८० आणि सेकंदाला ३० फ्रेम पुरतात. कॅमेरा स्टँडवर किंवा मॉनिटरवर घट्ट बसवा, हातात धरू नका. अंतर ५० ते १०० सेंटिमीटर. चेहऱ्याची रुंदी फ्रेममध्ये निदान २०० पिक्सेल भरली पाहिजे, म्हणजे कपाळ आणि दोन्ही गाल मिळून दहा हजारांच्या आसपास पिक्सेल हाती येतात.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक अपयश इथेच जन्मते: कॅमेऱ्याची हुशारी बंद करणे. ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स, ऑटो फोकस, ब्यूटी मोड, एचडीआर, पार्श्वभूमी धूसर करणे, सगळे बंद. ऑटो एक्स्पोजर चालू असेल तर मागून कोणी पांढरा शर्ट घालून गेले तरी चेहऱ्याचा उजळपणा बदलतो, आणि तो धक्का नाडीच्या शेकडो पट मोठा असतो.

लिनक्सवर हे व्ही४एल२-सीटीएल या साधनाने करता येते. एक्स्पोजर मॅन्युअल करा आणि वेळ १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा: १०, २० किंवा ३०. लुकलुकीचा एक झोका १० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण झोके मावतात आणि लुकलुक मुळातच पुसली जाते. त्या साधनात एक्स्पोजरचे एकक १०० मायक्रोसेकंद आहे, म्हणून २० मिलिसेकंदांसाठी २०० लिहायचे. विंडोजवर ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीमधून डायरेक्टशो वापरले तर एक्स्पोजर दोनाच्या घातात मागितले जाते. −५ म्हणजे १/३२ सेकंद, सुमारे ३१ मिलिसेकंद. −६ म्हणजे जवळजवळ १६ मिलिसेकंद, ते १० च्या पटीत बसत नाही. अशा वेळी −५ घ्या आणि उजेड जास्त वाटला तर दिवा लांब सरकवा.

एक्स्पोजर चेहरा पाहून ठरवा, अख्खी फ्रेम पाहून नको. मागे पांढरी भिंत असेल तर ऑटो मोड चेहरा काळवंडून टाकतो, आणि सावळ्या चेहऱ्याचे नुकसान त्यात जास्त. कपाळावर हिरव्याची सरासरी १०० ते १८० च्या दरम्यान आणि लाल चॅनल २५५ ला न टेकलेला, अशी जागा शोधा. लाल २५५ ला थडकला की त्या पिक्सेलमध्ये नाडी उरतच नाही. डोळ्यांनी हे कळत नाही, हिस्टोग्राम पाहा.

कॉम्प्रेशनबद्दल: कॅमेऱ्याकडून वाययूवायव्ही स्वरूपात कच्चे चित्र घ्या, प्रत्येक फ्रेम कॉम्प्रेस करणारे एमजेपीईजी नको. ६४० बाय ४८० ला प्रत्येक पिक्सेलमागे २ बाइट धरले तर सेकंदाला सुमारे १८ एमबी होतात, यूएसबी २ वर ते बसते. मिनिटाचे १.१ जीबी. साठवायचेच असेल तर एफएफव्ही१ सारखा नुकसान न करणारा कोडेक वापरा. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या क्लिपवर हा प्रयोग करून 'पद्धत चालत नाही' असा निष्कर्ष काढू नये. त्या क्लिपमधली नाडी कॉम्प्रेशनने आधीच खाल्लेली असू शकते. व्हिडिओ लागतच नसेल तर सरळ चालू फ्रेममधून सरासरी काढा आणि फक्त वेळ, लाल, हिरवा, निळा असे चार आकडे लिहून ठेवा. फाइल काही केबींची होते आणि कोणाचा चेहरा साठवण्याची जबाबदारीही येत नाही.

माणूस बसवताना

पाठ टेकून, डोके मागे टेकवता आले तर उत्तम. पाच मिनिटे बसू द्या, मग ६० ते ९० सेकंद घ्या. बोलणे, चघळणे, मान डोलावणे नको. पापण्यांची उघडझाप चालेल, डोळ्यांचा भाग आपण घेणारच नाही.

कपाळाला खोबरेल तेलाची किंवा घामाची चकाकी असेल तर रुमालाने टिपून घ्या. चकाकीतून परतणारा प्रकाश त्वचेत शिरतच नाही, वरच्या वर परततो. त्यात रक्ताची बातमी नसते, पण डोके किंचित हलले की तो भडकतो. कुंकू, टिकली, अष्टगंध, भस्म, हळद असे काही लावलेले असेल तर तो भाग वगळा. पुसायला लावण्याची गरज नाही, गाल असतातच. जाड फाउंडेशनखाली मात्र सिग्नल खरेच दबतो. दाढी असेल तर गालाचा वरचा भाग, डोळ्यांखालून दाढीच्या रेषेपर्यंत.

त्वचेचा भाग निवडणे

चेहऱ्याभोवती चौकोन काढून सगळ्याची सरासरी घेणे हा सोपा आणि वाईट मार्ग. त्यात केस, डोळे, ओठ आणि मागची भिंतही येते. मीडियापाइप लायब्ररीची फेस मेश चेहऱ्यावर ४६८ बिंदू देते. त्यातले कपाळाचे आणि दोन गालांचे बिंदू निवडून तीन बहुभुज बांधा. भुवया आणि केसांच्या रेषेपासून थोडे आत राहा. कडेचे पिक्सेल आत-बाहेर झाले की सरासरीला खोटी थरथर येते.

ही थरथर बिंदूंमधूनही येते. माणूस स्थिर असला तरी फेस मेशचे बिंदू फ्रेमगणिक पिक्सेल-अर्धा पिक्सेल हलतात. बिंदूंच्या जागांची पाच ते सात फ्रेमची सरासरी घ्या. माणूस खरोखरच स्थिर असेल तर पहिल्या सेकंदातला बहुभुज तसाच गोठवून ठेवला तरी चालते, आणि पुष्कळदा तेच जास्त चांगले निघते. दर फ्रेमला चेहरा नव्याने शोधणारा जुना हार कॅस्केड डिटेक्टर वापरत असाल तर गोठवणेच बरे, त्याचा चौकोन फार उड्या मारतो.

निवडलेल्या भागातून २५० च्या वरचे आणि ३० च्या खालचे पिक्सेल काढून टाका. उरलेल्यांची तिन्ही चॅनलमध्ये सरासरी घ्या आणि ती अपूर्णांकात ठेवा. सरासरी पूर्णांकात गोल केली की वरचा ०.६ चा सगळा हिशोब बुडाला. ही चूक दिसायला क्षुल्लक आहे, पण प्रोग्रॅम चालतो, आलेखही येतो, फक्त त्यात नाडी नसते.

वेळेचा हिशोब

प्रत्येक फ्रेम हाती आली तो क्षण मिलिसेकंदापर्यंत नोंदवा. कॅमेऱ्याने '३० फ्रेम' सांगितले म्हणून ३० धरू नका. प्रत्यक्षात २७ मिळत असतील आणि गणितात ३० टाकले तर ७२ ठोक्यांचे ८० होतात, तेही अगदी छान, स्थिर ८०. चूक कुठे आहे ते मग सापडत नाही. नोंदवलेल्या वेळांवरून तिन्ही मालिका समान अंतराच्या ३० हर्ट्झच्या जाळीवर इंटरपोलेशनने (मधल्या किमती काढून) बसवा. दोन फ्रेममधले अंतर कुठे २०० मिलिसेकंदांच्या वर गेले असेल तर तो तुकडा सोडून द्या. सुरुवातीचे दोन-तीन सेकंदही टाकून द्या.

तीन चॅनलमधून एक नाडी: पीओएस

नुसता हिरवा चॅनल घेऊनही शांत माणसाची नाडी निघते. थोडी हालचाल झाली की तो कोसळतो. डे हान आणि जान यांची २०१३ ची क्रोम पद्धत आणि वांग, डेन ब्रिंकर, स्टाउक आणि डे हान यांची २०१७ ची पीओएस (प्लेन-ऑर्थोगोनल-टू-स्किन) पद्धत यावरचा उतारा आहे. पीओएस लिहायला दहा ओळी लागतात आणि सुरुवात तिनेच करावी.

१.६ सेकंदांची खिडकी घ्या, ३० हर्ट्झला ४८ नमुने. त्या खिडकीत प्रत्येक चॅनलला त्याच्याच सरासरीने भागा. मग दोन मालिका करा:

पहिली = हिरवा − निळा
दुसरी = हिरवा + निळा − २ × लाल

आणि त्या जोडा:

नाडी = पहिली + (पहिलीचे प्रमाण विचलन ÷ दुसरीचे प्रमाण विचलन) × दुसरी

आलेल्या ४८ आकड्यांतून त्यांची सरासरी वजा करा, त्या खिडकीच्या जागी अंतिम मालिकेत बेरीज करा, खिडकी एक फ्रेम पुढे सरकवा.

हे का चालते? उजेड कमी-जास्त झाला किंवा डोके दिव्याकडे सरकले तर सरासरीने भागलेले तिन्ही चॅनल सारख्याच प्रमाणात हलतात. दोन्ही समीकरणांत गुणकांची बेरीज शून्य आहे, म्हणून हा सारखा बदल कापला जातो. नाडी मात्र तिन्ही चॅनलमध्ये सारखी नसते. डे हान यांच्या गटाने हॅलोजन उजेडात वापरलेले प्रमाण लाल ०.३३, हिरवा ०.७७, निळा ०.५३ असे आहे. पहिल्या मालिकेत त्यातले ०.२४ उरते, दुसरीत ०.६४. दोन्ही धन, म्हणून नाडी एकमेकींत मिसळून वाढते. चकाकीचा उरलेला बदल या दोन मालिकांत बहुधा उलट दिशांनी असतो, आणि भागाकाराचा तो गुणक दोघींना एका उंचीवर आणून त्यांना आपसांत मारतो.

ओपनसीव्ही चित्र निळा, हिरवा, लाल या क्रमाने देते. लाल-निळ्याची अदलाबदल विसरली की दुसरी मालिका होते हिरवा + लाल − २ × निळा, आणि वरच्या आकड्यांनी तिच्यात नाडी उरते जेमतेम ०.०४. पुढचा गुणक तो जवळजवळ निव्वळ नॉइज उचलून पहिल्या मालिकेइतका मोठा करतो. त्यामुळे 'नुसता हिरवा चॅनलच पीओएसपेक्षा चांगला येतो' असे दिसले की आधी चॅनलचा क्रम तपासा.

खिडकीची लांबी मनाने कमी करू नका. १.६ सेकंदांत पूर्ण न मावणारे संथ बदल, म्हणजे मिनिटाला सुमारे ३७ च्या खालचे, सरासरीने भागताना आणि वजा करताना आपोआप दबतात. म्हणून वेगळे डिट्रेंडिंग (संथ चढउतार काढून टाकणे) लागत नाही. खिडकी १ सेकंदाची केली तर ५०-५५ ची खरी नाडीही दबू लागते.

फिल्टर आणि आकडा

०.७ ते ४ हर्ट्झचा तिसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ बँडपास (तेवढ्याच वारंवारता जाऊ देणारा फिल्टर), पुढून आणि मागून दोन्हीकडून चालवलेला. पायथनच्या सायपाय लायब्ररीमध्ये सेकंड-ऑर्डर सेक्शनचे रूप वापरा, साध्या गुणकांचे रूप अरुंद पट्ट्यात डळमळते. दोन्ही टोकांचा एकेक सेकंद टाका.

मग २० सेकंदांची खिडकी, हॅन विंडो (खिडकीची टोके हळूच शून्यावर आणणारा गुणक), शून्ये भरून ४,०९६ नमुन्यांचा एफएफटी (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या काढणारे गणित), आणि ०.७ ते ३ हर्ट्झमध्ये सर्वांत उंच शिखर. त्याला ६० ने गुणले की मिनिटाचे ठोके. खिडकी दर सेकंदाला पुढे सरकवा. शून्ये भरल्याने आलेखावरचे बिंदू ०.४४ ठोक्यांवर येतात, पण दोन जवळची शिखरे वेगळी ओळखण्याची ताकद २० सेकंदांच्या खिडकीत ३ ठोक्यांच्या आसपासच राहते, १० सेकंदांत ६. शांत बसलेल्या माणसासाठी २० किंवा ३० सेकंद घ्या. नाडी वेगाने बदलत असेल तर १०, आणि आकडा जास्त उडेल हे मान्य करा.

खालची मर्यादा ०.७ म्हणजे ४२ ठोके. मुरलेल्या धावपटूची विश्रांतीतली नाडी याच्याही खाली असू शकते. तेव्हा प्रोग्रॅम बिनदिक्कत दुसरी हार्मोनिक उचलून दुप्पट आकडा दाखवतो. श्वासही गोंधळ घालतो: मिनिटाला १५ श्वास म्हणजे ०.२५ हर्ट्झ, आणि श्वासाबरोबर डोलणाऱ्या डोक्याची तिसरी हार्मोनिक ०.७५ वर, बरोबर पट्ट्याच्या दारात. ४५ चा आकडा सतत येऊ लागला तर नाडीआधी श्वास मोजा.

आकडा खरा की खोटा

पहिली कसोटी भिंतीची. त्याच दिव्यात, त्याच एक्स्पोजरवर, चेहऱ्याच्या जागी त्वचेच्या जवळपासच्या रंगाचा मॅट पुठ्ठा ठेवा, गोठवलेला बहुभुज त्यावर बसवा आणि पाच मिनिटे सगळी साखळी चालवा. आकडे खिडकीगणिक ५०, १३१, ८८ असे भरकटले तर ठीक, नुसता नॉइज आहे. ते एका जागी ठाण मांडून बसले तर उजेड, पंखा किंवा फ्रेमचा वेग यांपैकी काहीतरी गुन्हेगार आहे, आणि माणूस बसवला तरी तो तिथेच असणार. या पाच मिनिटांशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी कसोटी सिग्नल आणि नॉइज यांच्या गुणोत्तराची. शिखराच्या दोन्ही बाजूंना ०.१ हर्ट्झ आणि दुसऱ्या हार्मोनिकभोवती तेवढाच पट्टा, यांतली एकूण शक्ती काढा. ०.७ ते ४ हर्ट्झमधली उरलेली शक्ती तिला भाजक द्या आणि डेसिबलमध्ये लिहा. उंबरठा किती ठेवायचा हे पुस्तकातून उचलू नका. नुसत्या नॉइजमध्येही आपण सर्वांत उंच शिखरच निवडलेले असते, त्यामुळे त्याचे गुणोत्तर जरा फुगलेलेच येते. पुठ्ठ्याच्या पाच मिनिटांतले सर्वांत मोठे गुणोत्तर पाहा आणि उंबरठा त्याच्या वर ठेवा. त्याखालच्या खिडक्यांना आकडा द्यायचा नाही, जागा रिकामी ठेवायची. रिकामी जागा पाहून वापरणारा नाराज होतो, पण तोच प्रामाणिक निकाल आहे.

तिसरी कसोटी कपाळ आणि दोन गाल वेगवेगळे चालवून पाहण्याची. नाडी खरी असेल तर तिन्ही ठिकाणचे शिखर दोन-तीन ठोक्यांत जुळते. फक्त एका गालावर काही वेगळेच येत असेल तर त्या बाजूचा उजेड किंवा सावली तपासा.

ऑक्सिमीटरशी ताळा

मेडिकलच्या दुकानात मिळणारा बोटाचा पल्स ऑक्सिमीटर ताळ्यासाठी पुरतो. बोट गार नसावे, नखाला गडद नेलपॉलिश किंवा बोटाला ताजी मेंदी नसावी. वेळ जुळवण्याची सोपी युक्ती: हात टेबलावर टेकवून ऑक्सिमीटरचा डिस्प्ले त्याच फ्रेमच्या कोपऱ्यात दिसेल असा ठेवा. एकाच फ्रेममध्ये चेहरा आणि आकडा आल्यावर घड्याळे जुळवण्याचा प्रश्नच राहत नाही. ऑक्सिमीटर काही सेकंदांची सरासरी दाखवतो आणि आपली खिडकी २० सेकंदांची आहे, म्हणून सेकंदाला सेकंद जुळणी मागू नका.

विश्रांतीतले आकडे जुळले म्हणून आनंदून जाण्यात अर्थ नाही. बसलेल्या मोठ्या माणसांची नाडी बहुधा ६० ते ९० मध्ये असते, डोळे मिटून ७५ सांगणाराही फारसा चुकत नाही. खरी परीक्षा जिन्याची. निरोगी माणसाला दोन-तीन मजले चढून यायला सांगा, लगेच बसवा, घाम टिपा आणि तीन मिनिटे घ्या, १० सेकंदांच्या खिडकीने. ऑक्सिमीटर ११५ वरून ८५ कडे उतरत असताना कॅमेऱ्याची रेषा बरोबर उतरली तर साखळी चालते आहे. ती ७५ वर सपाट राहिली तर काहीही चालत नाही, आधीचे जुळलेले आकडे योगायोग होते. पहिले अर्धे मिनिट धापेमुळे खराब येईल, ते धरू नका.

चूक सांगताना सरासरी निरपेक्ष फरक द्या आणि शेजारी 'प्रत्येकाला गटाची सरासरी सांगितली असती तर किती चूक झाली असती' तोही आकडा द्या. किती टक्के खिडक्या नाकारल्या हेही लिहा. निम्म्या खिडक्या फेकून उरलेल्यांची चूक एका ठोक्याची दाखवणे म्हणजे निम्माच हिशोब दाखवणे.

सावळी त्वचा, तयार मॉडेल आणि बाकीचे दावे

मेलॅनिन प्रकाश आधीच शोषते, त्यामुळे गडद त्वचेतून परत येणाऱ्या उजेडात रक्ताचा वाटा कमी उरतो आणि कॅमेऱ्याचा नॉइज तुलनेने वाढतो. उपाय उजेडाचा आहे: दिवा जवळ, एक्स्पोजर ३० मिलिसेकंद, जास्त पिक्सेल. कॅमेऱ्याचा गेन वाढवू नका, त्याने नॉइजही तेवढाच वाढतो. चाचणीला घेतलेले सगळे एकाच वर्णाचे असतील तर निकाल त्यांच्यापुरताच. महाराष्ट्रात एकाच कुटुंबात चार छटा सापडतात, त्यामुळे माणसे मिळाली नाहीत ही सबब चालत नाही.

डीपफिज, फिजनेट यांसारखी न्यूरल मॉडेल मोकळी मिळतात आणि हालचालीत ती पीओएसला मागे टाकू शकतात. पण ज्या डेटावर ती शिकली त्याबाहेर नेली की घसरण होते. यूबीएफसी-आरपीपीजी आणि प्युअर हे सर्रास वापरले जाणारे संच ६४० बाय ४८० चे आहेत. तुमच्या खोलीतला उजेड, कॅमेरा आणि माणसे वेगळी. आधी पीओएस चालवा, पुठ्ठा आणि जिना या दोन्हींतून ती पार पडू द्या, मग मॉडेलला त्याच परीक्षांना बसवा. पुठ्ठ्यावरही सुरेख नाडी काढून दाखवणारे मॉडेल घेऊ नये.

त्याच व्हिडिओतून रक्तदाब आणि ऑक्सिजनही सांगतो असे म्हणणारी अॅप आहेत. बोटाचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोन ठरावीक प्रकाशांच्या गुणोत्तरावर चालतो, साध्या वेबकॅमकडे अवरक्त नसतो. अशा आकड्यावर विश्वास ठेवून कोणी औषधाची गोळी कमी-जास्त करू नये. ठोकेच अनियमित असतील, जसे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, तर स्पेक्ट्रममध्ये एक टोकदार शिखर येतच नाही. आपली साखळी तिथे 'नॉइज' म्हणून रिकामी जागा सोडेल, आणि त्या रिकाम्या जागेचा अर्थ 'कॅमेरा बिघडला' असा लावून चालणार नाही. छातीत धडधड होत असेल तर ईसीजी काढावा.

ही मोजणी समोरच्याला कळू न देताही करता येते. व्हिडिओ कॉलवरच्या माणसाची नाडी त्याला न विचारता काढणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, म्हणूनच लेखी संमती आधी घ्या. चेहऱ्याचा व्हिडिओ ही भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली वैयक्तिक माहितीच आहे. संमतीपत्रात तीन गोष्टी असाव्यात: काय मोजणार, काय साठवणार, कधी पुसणार. चार आकड्यांची फाइल ठेवून व्हिडिओ त्याच दिवशी पुसायचा असेल तर तसे लिहा, आणि तसे कराही.